गुरुनाथचा डावा सुळा

उल्का साठ फूट पाण्याखाली गेली ती एका माशाचे दात बघायला, आणि दात बघायचे होते ते बाबांचा आपल्या संसारावरचा विश्वास परत यावा म्हणून. हे असं एका दमात सांगितलं की ऐकणारा जरा मागे सरकायचा. म्हणून तिने ते कोणाला सांगायचंच सोडून दिलं होतं. ऑफिसला तिने नुसतं ‘फॅमिली मॅटर’ असं कळवलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

झालं होतं ते असं. मार्चमध्ये आई गेली. सिएटलजवळच्या रेडमंडच्या घरात, सकाळी, कणीक मळता मळता. उल्का फ्रिस्कोहून दोन आठवड्यांसाठी म्हणून आली आणि सात महिने झाले तरी इथेच होती. तिचं टेक्सासमधलं ऑफिस लॅपटॉपमध्ये मावत होतं आणि बाबांना एकटं सोडवत नव्हतं. दोघंही मोजकं बोलणारी. या घरात बोलण्याचं खातं आईकडे होतं, आणि ते दुसऱ्या कोणाला शिकून ठेवावं असं कधी वाटलं नव्हतं. बाबा रोज सकाळी आईच्या फोटोपुढे अंगणातलं एक फूल ठेवायचे, फूल नसेल तर एखादं पान, आणि मग चहा घ्यायचे. त्या फुलावरून उल्का दिवसाचं हवामान ओळखायची.

ऑगस्टमध्ये एका सकाळी फोटोपुढे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. चौथ्या दिवशी बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “आपल्याकडे गुरुनाथ कधी आला होता का गं? मी घरी नसताना?”

त्यांना गॅरेजमध्ये आईच्या तीन वह्या सापडल्या होत्या.

आता आईबद्दल थोडं सांगायला हवं. विनीता नावाच्या या बाईने सव्वीस वर्षं एका डेंटिस्टच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ केले. पंचावन्नाव्या वर्षी तिच्या खुर्चीत एक डायव्हिंग शिकवणारा माणूस येऊन बसला. त्याचं तोंड उघडं, तोंडात हिची अवजारं, अशा वेळी हिने त्याला विचारलं की माझ्यासारख्या बाईला पाण्याखाली जाणं शिकता येईल का. बिचाऱ्याला नाही म्हणायची सोयच नव्हती. तेव्हापासून तेरा वर्षं, पाऊस असो, बर्फ असो, आई रविवारी सकाळी साउंड नावाच्या समुद्राच्या खाडीत, त्या काळ्या थंडगार पाण्यात उतरायची आणि दुपारी ओल्या केसांनी घरी यायची. पहिल्या दिवशी ती उत्साहाने सांगायला बसली, तर बाबांनी तिला थांबवलं. म्हणाले, तू परत आलीस एवढं मला पुरे, खाली काय होतं ते सांगू नकोस, मला झोप लागत नाही. मग ती दारातून ‘आले’ म्हणायची, ते ‘बरं’ म्हणायचे, आणि विषय तिथेच संपायचा. उल्काला ती दर सुट्टीत ‘चल’ म्हणायची. उल्काने हवाईच्या कोमट पाण्यात डायव्हिंगचा परवाना काढला होता, पण इथलं पाणी म्हणजे फ्रिजचा खालचा कप्पा. ती दर वेळी ‘पुढच्या खेपेला’ म्हणायची. त्यामुळे आईला जे सांगायचं होतं ते सगळं त्या वह्यांत गेलं. पेन्सिलीने, मराठीत, दाताच्या डॉक्टरांकडे पेशंटची नोंद करतात तसं थोडक्यात.

‘गुरुनाथ घरातच. तोंड बाहेर काढून बघत होता. दहा मिनिटं नुसती समोर थांबले. वेळ कसा गेला कळलं नाही.’

‘गुरुनाथ तीन आठवड्यांनी भेटला. वरचा डावा सुळा अर्धा तुटलाय. उजव्या डोळ्यावर चंद्रकोरीसारखी जखम. कुठे धडपडला कोण जाणे. जीव हळहळला.’

‘आज गुरुनाथने हातावर डोकं टेकवलं. बायको मागेच होती. काही बोलली नाही.’

हे शेवटचं पान बाबांनी बऱ्याचदा उघडलं असावं, कारण त्याचा कोपरा मऊ पडला होता.

आणि गुरुनाथ नावाचा माणूस होता, ही खरी अडचण होती. नागपूरला, धंतोलीत, एक्याऐंशी साली, बाबांच्या आधी आईला बघायला तोच आला होता. तो आणि बाबा एकाच कॉलेजच्या हॉस्टेलवर राहिलेले. त्याच्या घरच्यांचा होकार, आईचा नकार; मग पंधरा दिवसांनी बाबांचा नंबर लागला. नकार का दिला हे बाबांनी चव्वेचाळीस वर्षांत आईला विचारलं नव्हतं. ते विचारलं तर होकार का दिला हेही विचारल्यासारखं होईल, अशी त्यांना भीती. पुढे तो गुरुनाथही अमेरिकेत आला आणि टॅकोमाला स्थायिक झाला, गाडीने तासाभरावर. सिएटलच्या गणपतीत एकदा भेटला होता. रविवार सकाळ, ओले केस, तासाभरावरचा टॅकोमा. संशयाला आणखी काय लागतं?

उल्काने तिन्ही वह्या एका बैठकीत वाचल्या. दुसऱ्या वहीत एके ठिकाणी ती अडखळली. ‘मनोहरमामा जेवून टायरवर आडवे. हाक मारली, डोळासुद्धा हलला नाही.’ तारीख तीन वर्षांपूर्वीची. मनोहरमामा नागपुरात वारले त्याला चौदा वर्षं झाली होती. मग पान उलटलं तर एडिसनची इलाआत्या, पुण्याची दीपाकाकू, सगळा गोतावळा दर रविवारी साठ फुटांवर हजर. आई माशांना नात्यातली नावं देत होती हे उल्काला उमगलं आणि ती एकटीच स्वयंपाकघरात हसत सुटली. मार्चनंतरचं ते पहिलं हसू असावं, कारण गालांना ते नवं होतं.

ती वही घेऊन बाबांकडे धावली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते एकतीस वर्षं पूल तपासायच्या नोकरीत होते. पुलाखाली दोरावर टांगलेल्या पाळण्यात बसायचं, हातोडीने एकेक सांधा ठोकायचा, आणि स्वतः बघितल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, हा त्यांचा धर्म. ते म्हणाले, मनोहरची आठवण आली असेल, लिहिलं असेल. इलाचं नाव मुद्दाम घातलं असेल, खरं नाव लपावं म्हणून. तू म्हणतेस ते अनुमान झालं. शक्य आहे. पण अनुमान आहे.

“मग काय केलं की तुम्ही सही कराल?” उल्काने विचारलं.

“तो सुळा दिसला पाहिजे,” बाबा म्हणाले. मग आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन त्यांचा चेहरा पडला आणि ते घाईने म्हणाले, नको, काही नको, तू पाण्यात जायचं नाहीस. पण उल्का तोवर फोन शोधायला उठली होती.

आईबरोबर दर रविवारी पाण्यात उतरायची ती नैना. वय सत्तावीस, फेरीबोटीवर नोकरी, जन्म इथलाच. मराठी सगळं कळायचं, वाचता मात्र येत नव्हतं. उल्काला वाटलं, हिला नुसतं विचारलं की काम झालं. पण नैना म्हणाली की मावशी मला कोणाचं नाव सांगायचीच नाही, सगळ्यांना काका नाहीतर काकूच म्हणायची. “आय थॉट इट वॉज अ रिस्पेक्ट थिंग, ताई.” मात्र काँक्रीटच्या पडलेल्या लाद्यांखाली एक म्हातारा वुल्फ ईल, म्हणजे सापासारखा लांबट मासा, राहतो, बायकोसकट, हे तिने सांगितलं. “सो अग्ली, ताई, की मग तो क्यूट वाटायला लागतो. मावशी तिथून हलायचीच नाही. मला तिला ड्रॅग करून आणायला लागायचं.”

सप्टेंबरचे चार शनिवार उल्का एका पोहण्याच्या तलावात ड्रायसूट घालायला शिकली. ड्रायसूट म्हणजे आत पाणी न शिरणारा, आत हवा भरायचा एक जाड पोशाख. तो घातला की माणूस गादीच्या खोळीत शिरल्यासारखा दिसतो. त्यातली हवा सांभाळता आली नाही तर ती पायांत जाते. उल्काच्या ती दर वेळी पायांत गेली. डोकं खाली, पाय वर, आणि शिकवणारा माणूस तिच्या घोट्याला धरून तिला फुग्यासारखं ओढून आणतोय, असं तिने एकेचाळिसाव्या वर्षी पुष्कळ वेळ काढलं. चौथ्या शनिवारी ती सरळ राहिली आणि त्या माणसाने टाळ्या वाजवल्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी त्या दोघी किनाऱ्यावर उभ्या होत्या. बारीक पाऊस, राखाडी आकाश, राखाडी पाणी, दोहोंच्या मधे शिवण कुठे आहे ते दिसत नव्हतं. सूट आईचा होता आणि उल्काला दोन बोटं आखूड. मांडीवरच्या खिशात हात घातला तर आलेपाकाच्या वडीचा कागद निघाला. तिने तो परत होता तिथे ठेवला. नैनाने कॅमेरा तिच्या मनगटाला अडकवला आणि नियम सांगितले. टाकीतल्या हवेचा काटा सातशेवर आला की वर. काका भेटो, न भेटो. वाद नाही.

पाणी दहा अंशांचं होतं. अंगाला ते लागलंच नाही, लागलं ते फक्त ओठांना. पाच मिनिटांत ओठ असे बधिर झाले की दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन देऊन बाहेर बसवलं असावं. तळाशी जाईपर्यंत हिरवा अंधार होता, आपलाच श्वास कानात घरघरत होता, आणि उल्काला क्षणभर वाटलं, काय हे वेड, बाबांचं आणि माझं. मग नैनाने दिवा लावला.

समोर पांढऱ्या फुलकोबीचं शेत होतं. बुडालेल्या बोटीच्या फळ्यांवर, पाइपांवर, दोरखंडांवर, हातभर उंचीचे पांढरे, केशरी समुद्रफुलांचे गड्डे उभे होते आणि प्रवाहाबरोबर मान हलवत होते. त्यांच्या मधून गावभर तारामाशांच्या केशरी चांदण्या सांडलेल्या, काहींना पाच हात, एकीला मोजून वीस. रंग असे की इतक्या थंड पाण्यात ते कोणासाठी लावून ठेवले असतील असा प्रश्न पडावा. उल्का थांबून बघत राहिली. आई तेरा वर्षं या खोलीत येत होती आणि घरी जाऊन ‘आले’ एवढंच म्हणत होती.

पुढे एक टायर होता. टायरवर एक लांबलचक, ठिपकेवाला मासा पोट टेकून पडला होता. खालचा जबडा पुढे, पापणी नसलेल्या डोळ्यांतही झोप, आणि चेहऱ्यावर ‘मला कोणी उठवायचं नाही’ असा भाव. उल्काला कोणी काही सांगावं लागलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला दुपारी दोन वाजता, सावजी मटणानंतर, हाच देह तिने दिवाणखान्यात शंभर वेळा ओलांडला होता. मनोहरमामा. ती हसली. हसल्यावर गाल वर जातात, गाल वर गेले की मास्कची कड उचलते आणि पाणी आत येतं, हे तिला तलावात कोणी शिकवलं नव्हतं. नाकापर्यंत पाणी आलं. तिने ते नाकाने हवा सोडून बाहेर काढलं, पुन्हा मामांकडे बघितलं, पुन्हा हसली, पुन्हा पाणी. नैना बोटांनी खूण करून विचारत होती, ठीक आहेस ना. उल्का जोरात मान हलवत होती आणि बुडबुड्यांचा लोंढा वर जात होता.

इलाआत्या पाइपाच्या वळणावर भेटली. मुठीएवढा खेकडा, पण खेकडा कुठला दिसतो. पाठीवर हिरवं शेवाळ, लाल स्पंजाचे तुकडे, कसले कसले तुरे, नांग्यांवरसुद्धा काहीतरी लटकवलेलं. एडिसनमध्ये कोणाच्याही मुलीचं लग्न असो, ओक ट्री रोडवरचं निम्मं दागिन्यांचं दुकान अंगावर घालून आत्या मांडवात येते आणि सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी, पुढच्या रांगेकडे जाते. खेकडाही तसाच गेला. जाताना एका समुद्रफुलापाशी थांबला, त्याचा एक तुरा खुडला, खांद्यावर लावून बघितला. आता उल्काला हसू आवरणं अशक्य झालं. घरून निघताना ती एका गंभीर कामाला निघाली होती, आणि इथे आई तिच्या शेजारी उभी राहून एकेकाकडे बोट दाखवत असल्यासारखं झालं होतं. बघ, बघ, ही कोण सांग. आणि ती दर वेळी बरोबर सांगत होती.

मग त्या लाद्यांपाशी आल्या. दोन लाद्यांमध्ये हातभर फट. नैनाने दिवा आत धरला. आत एक तपकिरी, सुरकुतलेला चेहरा होता, जाड ओठांचा. पण लहानसर, आणि डोळ्यावर खूण नाही. नैनाने दोन्ही हात पसरून सांगितलं, ही काकू. काका बाहेर गेलेत.

त्या थांबल्या. हवेचा काटा चौदाशेवर होता. बायको त्यांच्याकडे बघत होती, त्या बायकोकडे. बाराशे. उल्का मनात म्हणाली, गुरुनाथ, आता ये, माझ्या घरी एक माणूस चहाही नीट पीत नाही. अकराशे.

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा खिसा कोणीतरी उघडला.

तिने खाली बघितलं. लादीच्या बाजूने एक तांबूस, वाटोळ्या वाटोळ्या चोषकांचा हात आला होता, मनगटाएवढा जाड, आणि तो तिचा खिसा चाचपत होता. मागून दुसरा आला, तो हवेच्या काट्यावर फिरला. तिसरा तिच्या हातमोज्याच्या बोटांमधून गेला, एकेक बोट मोजत. दीपाकाकू. पाहुणे दारात पोचायच्या आत त्यांची बॅग उघडून ‘काय काय आणलंस गं’ म्हणणारी. उल्काला ओरडावंसं वाटलं आणि ओरडता येत नव्हतं, तोंडात रबर होतं. लादीमागे ऑक्टोपसचा एक बारीक, आडव्या बाहुलीचा डोळा तिच्याकडे अगदी आपुलकीने बघत होता. आणि मग चौथा हात कॅमेऱ्यावर पडला आणि काकूंनी तो आपल्याकडे ओढला.

पुढची तीन मिनिटं उल्काच्या आयुष्यातली सर्वांत बेशिस्त होती. ती ओढायची, काकू ओढायच्या. कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या मनगटाला, म्हणजे कॅमेरा गेला तर पाठोपाठ तीही जाणार. एक बोट सुटलं की काकूंचे आणखी वीस चोषक लागायचे. काकूंचा रंग रागाने लाल झाला, मग गंमत वाटून पांढरा. नैना मदतीला आली आणि दीपाकाकूंनी तिचा दिवा धरला. कधीतरी कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं आणि लख्ख प्रकाश पडला. काकूंनी सगळे हात एकदम गोळा केले, नाराजीची थुंकी टाकावी तशी पाण्याची एक पिचकारी मारली आणि पदर सावरून निघून गेल्या. उल्का हसत होती, मास्कमध्ये अर्धं पाणी होतं, डोळ्यांत मीठ झोंबत होतं. काटा साडेआठशेवर.

नैनाने अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘छान’ नसतो, ‘वर चला’ असतो. उल्काने एक बोट दाखवलं. एक मिनिट. नैनाने मान हलवली. नाही. उल्काने हात जोडले. नैना काही म्हणणार, तोच तिच्या खांद्यामागून, बाजारातून घरी परतणारा माणूस यावा तसा, गुरुनाथ आला.

सहा फूट लांब, राखाडी, सावकाश. तोंडात खेकडा आडवा धरलेला. चेहरा असा की देवाने तो करताना मधेच कोणीतरी बोलावलं असावं: फुगलेलं कपाळ, लोंबते गाल, ओठ जाडजूड, आणि सगळ्यावर एक अपार भलेपणा. उजव्या डोळ्यावर चंद्रकोर होती. दिव्याच्या उजेडात ती चक्क चमकली.

पण तोंड बंद होतं. खेकडा होता ना. उल्काने कॅमेरा त्याच्या नाकासमोर धरला आणि वाट बघू लागली. गुरुनाथ चावू लागला. कटाक, कटाक, आवाज पाण्यातूनही ऐकू येत होता. कवचाचे तुकडे उडत होते. नैना घड्याळ दाखवत होती. आठशे. साडेसातशे. मग गुरुनाथने शेवटचा घास गिळला, आणि जेवून झाल्यावर माणूस दारात उभा राहून देतो तशी एक प्रशस्त जांभई दिली.

उजवा सुळा पूर्ण होता. डावा अर्धा.

उल्काने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, सात वेळा दाबलं. मास्कमध्ये पाणी भरत होतं आणि ती ते काढायचीही विसरली. गुरुनाथ पुढे आला. त्याने आईच्या सुटाची बाही हुंगल्यासारखं केलं, दोनदा, आणि मग आपलं ते ओबडधोबड डोकं उल्काच्या हातावर ठेवलं. वजन काहीच नव्हतं. ती हलली नाही. मागे फटीत बायको होती, ती काही बोलली नाही.

वर आल्यावर दोघी कंबरभर पाण्यात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. बधिर ओठांनी नीट बोलता येत नव्हतं, त्यामुळे जे काही निघत होतं त्याचंही हसू येत होतं. कुत्रा फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईंनी विचारलं, मदत हवी आहे का. नैना त्यांना म्हणाली, नो नो, वी जस्ट मेट हर रिलेटिव्ह्ज. बाईंनी कुत्र्याची दोरी जवळ ओढली.

घरी पोचली तेव्हा बाबा दारातच उभे होते, छत्री न घेता. तिला बघून त्यांनी दाराची चौकट सोडली. उल्काने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला, शेजारी ते मऊ कोपऱ्याचं पान नाही, आधीचं, सुळ्याचं पान उघडलं, आणि फोटो मोठा केला.

बाबांनी चष्मा बदलला. भिंग आणलं. आधी वहीतली ओळ वाचली, मग पडदा बघितला, मग पुन्हा ओळ. उजव्या डोळ्यावरच्या खुणेवर बोट ठेवलं. डाव्या सुळ्यावर ठेवलं. पुलाचा सांधा तपासावा तसं प्रत्येक गोष्टीपाशी थांबले. मग भिंग खाली ठेवलं आणि चेहरा दोन्ही हातांत घेतला. त्यांचे खांदे हलायला लागले.

उल्का घाबरली. सात महिन्यांत ते तिच्यासमोर एकदाही रडले नव्हते. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तेव्हा तिला कळलं की ते हसताहेत. आवाज फुटत नव्हता, इतके हसत होते. शेवटी त्यांनी हात बाजूला केले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“अगं, हा गुरुनाथच आहे,” ते म्हणाले. “आमचा. हॉस्टेलचा. जेवून झालं की अस्साच दारात येऊन उभा राहायचा.” आणि ते पुन्हा कोसळले.

मग सांगत सुटले. गुरुनाथ कसा देवमाणूस, सगळ्यांची प्रॅक्टिकलं लिहून द्यायचा, पण हॉस्टेलवर नवीन आलेला मुलगा त्याला जिन्यात बघून परत वर पळायचा. आईला बघायला गेला तेव्हा तर्रीपोह्यांच्या तीन बश्या खाऊन मनापासून हसला होता, असं नंतर कोणीतरी सांगितलं. “तेव्हाच ठरलं असणार तिचं,” बाबा म्हणाले. मग जरा गंभीर झाले. “पण तिला आवडला असणार तो. माणूस म्हणून. नाहीतर तेरा वर्षं कोण जातं भेटायला.” हे त्यांनी विषादाने म्हटलं नाही. एखादी गोष्ट मान्य करून सही करावी तसं म्हटलं.

त्यानंतर त्यांना सगळंच हवं झालं. मामा कसे पडले होते, टायरवर की टायरमध्ये. इलाने अंगावर काय काय घातलं होतं. दीपाने कॅमेरा सोडला कसा, ती तर सोडत नाही. उल्का ओल्या केसांनी उभ्या उभ्या सांगत होती, हातवारे करून, तिला स्वतःचा आवाज ओळखू येत नव्हता, आणि बाबा टेबलावर थाप मारत होते. चहा दोनदा गार झाला. मधेच ते उठले, अंगणात गेले, पावसात इकडेतिकडे शोधून एक शेवंती घेऊन आले, फोटोपुढे ठेवली, आणि फोटोतल्या बाईकडे ‘चांगलीच आहेस की’ अशा नजरेने बघून परत येऊन बसले.

मग तिन्ही वह्या पुढे ओढून त्यांनी पानं चाळली.

“यात मी कुठे आहे?”

उल्काने खरं ते सांगितलं. कुठेच नाही. तिने दोनदा वाचल्या होत्या. मामा, आत्या, काकू, चुलत सासरे, नागपूरचे घरमालकसुद्धा होते. बाबांचं, प्रल्हाद हे नाव एकदाही नव्हतं.

उल्काला वाटलं, एक संशय घालवला आणि दुसरा आणून ठेवला की काय. बाबा पानाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

“म्हणजे माझं नाव द्यायचं राहून गेलं,” ते शेवटी म्हणाले. “पुढच्या रविवारी जाशील तेव्हा बघ एखादा. घाई करू नकोस.”

उल्का म्हणाली, एक आजच दिसला होता. चपटा. वाळूत अर्धा पुरून घेतो, काही बोलत नाही, आणि दोन्ही डोळे वर काढून येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवतो.

बाबांनी त्यावर प्रामाणिकपणे विचार केला.

“तो फारच जमतोय,” ते म्हणाले. “दुसरा बघ.”